फायबरच्या होडीचा तळ धुताय? आधी तेल काढा, मगच पॉलिशपेपर मारा. नाहीतर ठिगळ टिकत नाही

अक्कलकोट : उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की एरवी पाण्यात असणाऱ्या फायबरच्या होड्या काठावर उघड्या पडतात. त्यांचा तळ पाहिला तर मूळ रंग पांढरा होता की निळा, हे सांगता येत नाही. पाण्याच्या रेघेवर काळपट तेलकट पट्टा, खाली हिरवं शेवाळ, त्यात मधेमधे क्षाराचे पांढरे डाग. आत पाहावं तर इंजिनाचं ऑइल, डिझेल आणि माशांचे खवले यांचा मिळून झालेला चिकटा. बरेच जण म्हणतात, मासे धरायची होडी आहे, वरातीची घोडी नाही. घासून करायचं काय?

घासायचं ते दिसण्यासाठी नाही. त्या घाणीखाली चीर असली तर ती कळत नाही, हे पहिलं कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. चीर सापडली आणि तेल नीट न काढता वर ठिगळ मारलं, तर ते धरत नाही. वरून पक्कं दिसतं, पण एखाद्या दगडावर तळ घासला की कडेने सुटतं आणि पाणी आत येतं. मग मिस्त्रीला बोल लावला जातो. खरं तर काम बिघडलेलं असतं ते धुण्यातच.

आपल्या तालुक्यात बोरी नदीवर कुरनूर धरण आहे, कर्नाटकच्या हद्दीवर भीमा नदीवर हिळ्ळीचा बंधारा आहे. वर गेलं तर उजनीचा अथांग जलाशय. पूर्वी नदी ओलांडायला गुळाची काहील चालायची, लाकडी नाव होती. आज पत्र्याच्या होड्या आहेत, थर्माकोलचे तराफे आहेत आणि फायबरच्याही होड्या आहेत. ऑक्टोबर 2020 मध्ये बोरीला पूर आला होता, सप्टेंबर 2025 मध्ये सीनेने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी गावात ज्याची होडी धड असते त्याच्याच दारात लोक येतात. त्यामुळे हा विषय फक्त मच्छीमार बांधवांचा नाही.

फायबर म्हणजे नक्की काय?

काचेच्या बारीक धाग्यांची चटई, जिला कारागीर मॅट म्हणतात, ती साच्यात पसरायची, तिच्यावर रेझिन ओतून रोलर फिरवायचा, असे थरावर थर द्यायचे. वाळल्यावर दगडासारखं होतं. सगळ्यात बाहेर रंगाचा गुळगुळीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे बोटाच्या नखाएवढाच म्हणा. पण होडीचं खरं संरक्षण तोच करतो. आतले काचेचे धागे पाण्यापासून आणि उन्हापासून त्याच्यामुळेच वाचतात.

हा थर फाटला की दिव्याची वात जसं तेल ओढते तसे आतले धागे पाणी ओढून घेतात. तेल असेल तर तेलही ओढतात. पाणी आत मुरलं की काही काळाने तळाला फोड येतात. असा फोड फोडला तर कधीकधी आतून आंबूस वासाचं पाणी निघतं. एखादा फोड आला म्हणून होडी लगेच बुडत नाही, पण तळ आतून मऊ पडायला लागला आहे, एवढं समजून घ्यावं.

म्हणून तारेची घासणी, वाळू, विटेचा तुकडा, कोयत्याचं पातं, यातलं काहीही तळावर चालवायचं नाही. भांडं घासायची स्टीलची घासणीसुद्धा नको. तिचे तुटलेले कण जेलकोटात रुततात आणि पुढे गंजून तांबडे ठिपके पडतात. नारळाचा काथ्या, प्लास्टिकचा ब्रश, स्पंज, जुनं सुती फडकं एवढ्यावर काम भागतं.

धुवायची कुठे?

पाण्याच्या कडेला नाही. ही सवय मोडणं सगळ्यात अवघड आहे, कारण पाणी तिथेच असतं. पण कुरनूरचं पाणी अक्कलकोट शहराच्या नळाला येतं. भीमेचं पाणी सोलापूर शहराला जातं. डिझेलचा पातळ तवंग दिसायला इंद्रधनुष्यासारखा असतो, पण काठाजवळच्या उथळ पाण्यातच माशांची अंडी आणि बारीक पिल्लं असतात, आणि तवंगही वाऱ्याने तिथेच येऊन साचतो. शिवाय तेलकट पाण्यातल्या माशाला वास येतो. तो मासा बाजारात परत कोण घेणार? जलप्रदूषणाचा 1974 चा कायदा नदी-तलावात घाण सोडायला मनाई करतो, ही आणखी एक गोष्ट.

होडी चार-पाच जणांनी उचलून किंवा ट्रॉलीत घालून पाण्यापासून शंभर-दीडशे फूट तरी लांब न्यावी. विहीर, बोअर आणि ओढा जवळ नको. जमीन थोडी सपाट पाहावी. खाली जुनी ताडपत्री अंथरून तिच्या कडा मातीने उचलून घ्याव्यात आणि मध्ये लाकडाचा भुसा किंवा उसाचा वाळलेला चोथा पसरावा. चोथ्याला आपल्याकडे तोटा नाही. तो तेल छान पितो. होडी टायरवर किंवा पोत्यांवर उपडी ठेवावी, दगडावर नको.

वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. आपल्याकडच्या उन्हात दुपारी तळ तापलेला असतो. साबण लावेपर्यंत वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. थिनरसारखी ज्वालाग्राही वस्तू तर दुपारी काढूच नये.

तेल काढायची रीत

आधी कोरडंच काम करायचं. साचलेलं ग्रीस आणि चिखल लाकडाच्या पट्टीने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून काढा. जिथे ऑइल ओलं आहे तिथे भुसा टाका, अर्धा तास राहू द्या, मग गोळा करा. हा भाग लोक वगळतात आणि थेट पाणी मारतात. मग पाव किलो ऑइल सगळ्या तळाला पसरतं आणि काम दुप्पट होतं.

नंतर साबण. इथे एक स्थानिक अडचण आहे. आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. जड पाण्यात कपड्याचा जुन्या पद्धतीचा वडीचा साबण फेस देत नाही, त्याची पांढरी साय होते आणि ती तळाला चिकटून बसते. त्यापेक्षा भांडी घासायचा पातळ साबण किंवा डिटर्जंट पावडर बरी. बादलीभर कोमट पाण्यात मूठभर पावडर पुरे. खालून वर लावत जा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, वाळू देऊ नका, मग काथ्याने गोल गोल घासा आणि वरून खाली धुवा. खालून वर लावायचं कारण असं की वरून लावलं तर घाणेरड्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि त्यांच्या रेघा राहतात. एका वेळी दोन-तीन फुटांचाच भाग घ्या.

यातच बरीचशी घाण जाते. राहतं ते जुनं, उन्हाने भाजलेलं ऑइल. त्याला साबण पुरत नाही. त्यासाठी रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन पुसावं. रॉकेल आता सहज मिळत नाही आणि डिझेल सगळ्यांकडे असतं, म्हणून लोक डिझेलनेच पुसतात. डिझेलने डाग सुटतो हे खरं, पण डिझेल स्वतःच तेल आहे. त्याचा थर मागे राहतो. डिझेल वापरलंच तर पुन्हा दोनदा साबणाने धुतल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

पुसताना दोन फडकी ठेवा. एकाने टर्पेंटाइन लावायचं, सुटलेलं तेल वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकच फडकं फिरवत राहिलं तर तेल निघत नाही, फक्त जागा बदलतं. फडकं काळं झालं की टाकून नवीन घ्या. जुनी बनियनं, धोतराच्या चिंध्या चालतात. रंग जाणारं कापड नको. आणि हे काम करताना बिडी-सिगारेट लांब, मोबाइलवर बोलत बोलत चहाची शेगडी पेटवणारा मित्रही लांब.

तेल गेलं की नाही, कसं ओळखायचं?

यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. धुतलेल्या भागावर तांब्याभर स्वच्छ पाणी हळू ओता. पाणी एकसारखी चादर होऊन पसरलं तर तेल गेलं. थेंब थेंब होऊन गोळा झालं, ताटाला तूप लावल्यावर होतं तसं, तर तिथे अजून तेल आहे. पूर्वी मेणाचं पॉलिश लावलेलं असेल तर तिथेही थेंब होतात. ते मेणही ठिगळाच्या जागेवरून काढावंच लागतं. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, पण सगळ्या दुरुस्तीचं भवितव्य तिच्यावर आहे.

डागांचा प्रकार बघून औषध

तेल गेल्यावर जे उरतं ते वेगळ्या जातीचं असतं. पांढरा खरखरीत थर म्हणजे क्षार. त्याला साबणाचा उपयोग नाही, आंबट लागतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे विरघळवून फडकं भिजवा आणि ते डागावर पंधरा मिनिटं ठेवा. व्हिनेगरही चालतं. पिवळट-तांबूस डाग, म्हणजे गंजाचे किंवा कुजलेल्या पाल्याचे, ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. ते केमिकलच्या दुकानात पांढऱ्या खड्यांसारखं मिळतं. लिटरला दोन मोठे चमचे पुरे. हे विषारी आहे. रबरी हातमोजे, डोळ्याला चष्मा हवाच, आणि उरलेलं साखरेसारखं दिसतं म्हणून घरात डब्यात घालून ठेवू नये. नंतर भरपूर पाण्याने धुवा.

शेवाळ ओलं असतानाच काढावं. एकदा उन्हात वाळलं की सिमेंटसारखं धरतं. उजनीसारख्या पाण्यातून आणलेली होडी कुरनूरला किंवा गावतळ्यात सोडणार असाल तर जलपर्णीचा एक तुकडासुद्धा तळाला, इंजिनाच्या पंख्याला राहू देऊ नका. एका रोपाने तळं कसं भरतं ते भीमाकाठच्या लोकांना सांगायला नको.

आता काय वापरू नये ते. कॉस्टिक सोडा अजिबात नको. तो तेलाचा साबण करतो म्हणून तेल काढायला जोरदार वाटतो, पण ज्या रासायनिक जोडणीवर तो तेलात घाव घालतो, तशीच जोडणी पॉलिएस्टर रेझिनमध्येही असते. म्हणजे तो तेलाबरोबर होडीही खातो. संडास साफ करायचं ॲसिड इंजिनाच्या ॲल्युमिनिअमला आणि नट-बोल्टला खातं. त्यात ब्लिचिंग पावडर मिसळली तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ही चूक घरातल्या मोरीतही जिवावर बेतते. ही दोन एकत्र कधीच आणू नका.

वॉशिंग सेंटरवर ट्रॅक्टरबरोबर होडी नेणारेही आहेत. कल्पना वाईट नाही, पण नोझल दीड फूट तरी लांब ठेवायला सांगा आणि धार पसरट ठेवा. चीर असलेल्या जागी जवळून जोराची धार मारली तर जेलकोटचे पापुद्रे उडतात आणि पाणी थेट धाग्यांत घुसतं.

चीर सापडली तर

तळ स्वच्छ झाल्यावर सावलीत बसून तिरक्या उजेडात बघा, हाताने चाचपा, नाण्याने टकटक करा. टणक आवाज यायला हवा. कुठे बद्द आवाज आला तर तिथे आत थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. केसासारख्या बारीक कोळ्याच्या जाळ्यागत चिरा असतील तर त्या बहुधा जेलकोटपुरत्याच असतात. पण दाबल्यावर तळ लवत असेल किंवा चिरेतून काचेचे धागे दिसत असतील तर ती होडी दुरुस्तीशिवाय पाण्यात घालायची नाही.

इथेच क्रम चुकतो. कारागीर आला की तो आधी ग्राइंडर किंवा पॉलिशपेपर हातात घेतो. वर तेल असताना घासलं की ते तेल बारीक धुळीबरोबर ओरखड्यांत आणि धाग्यांत दाबलं जातं. मग वरून कितीही पुसा, आतलं निघत नाही आणि रेझिन तेलकट धाग्याला धरत नाही. म्हणून आधी साबण, मग टर्पेंटाइन, परत साबण, पाण्याची परीक्षा, दोन-तीन दिवस सावलीत पूर्ण वाळवणं, आणि त्यानंतर घासणं. घासून झाल्यावर धूळ झटकून ॲसिटोनने एक शेवटचा हात, तोही दोन फडक्यांच्याच पद्धतीने. काचेची धूळ घशात आणि अंगाला फार त्रास देते. नाकाला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. ज्या धाग्यांत ऑइल मुरून ते काळे पडलेत ते साफ होत नाहीत, तेवढा भाग कापूनच काढावा लागतो.

रेझिन घरी कालवणाऱ्यांसाठी एक जिवाची गोष्ट. रेझिनबरोबर कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या मिळतात. त्या दोघांना थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. हार्डनर साधारण किलोला 10 ते 20 ग्रॅम लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कमीच घ्यावं, नाहीतर डब्यातच गोळा होतो आणि डबा हाताला चटका देतो. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. लगेच भरपूर पाण्याने डोळा धूत राहून दवाखाना गाठायचा.

आतली बाजू विसरू नका

बाहेरून चकाचक आणि आत ऑइलचा डोह, अशा होड्या पुष्कळ. इंजिनाखाली सांडलेलं डिझेल पावसाच्या पाण्यावर तरंगतं आणि आपण ते डब्याने उपसून सरळ धरणात टाकतो. त्याऐवजी इंजिनाखाली एक ट्रे ठेवा आणि जुन्या गोणपाटाचा तुकडा टाका. पाणी उपसायच्या आधी वरचं तेल त्या गोणपाटाने टिपून घ्या. पाय घसरून पाण्यात पडायचं एक मोठं कारण हाच तेलकट तळ असतो.

काही होड्यांच्या दोन्ही टोकांना बंद कप्पे असतात. होडीत पाणी भरलं तरी तिने तरंगत राहावं म्हणून ते असतात. काही ठिकाणी त्यात थर्माकोल भरलेला असतो. पेट्रोल किंवा थिनर थर्माकोलला लागलं की तो विरघळून जातो. कॅन कप्प्यावर ठेवायची सवय असेल आणि झाकणाला फट असेल, तर आत थर्माकोलच्या जागी चिकट गोळा उरलेला असू शकतो आणि मालकाला पत्ताही नसतो. धुताना कप्पे उघडून बघा. तराफा वापरणाऱ्यांनी तर थिनरचा डबा जवळही आणू नये.

21 मे 2024 रोजी उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेत कारण वाऱ्याचं होतं, तळाचं नव्हे. पण वारा सुटल्यावर होडीत आधीच पाणी येत असेल तर काठ गाठायला मिळणारी मिनिटं कमी होतात. लाइफ जॅकेट घातलेलंच हवं, होडीत नुसतं पडलेलं नको.

घाणीचं काय करायचं?

तेल प्यायलेला भुसा आणि चिंध्या चुलीत घालू नका, त्याचा धूर घरात फिरतो. ओढ्यातही नको. निथळलेलं जळकं ऑइल डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या; त्यांच्याकडून ते गोळा करणारे लोक घेऊन जातात. काही जण हेच जळकं ऑइल तळाला फासतात, लाकडी नावेला तेल द्यायची जुनी सवय म्हणून. लाकडाला तेलाची गरज असते, फायबरला नसते. उलट पुढच्या वेळी ठिगळ मारायची वेळ आली की हेच ऑइल आडवं येतं.

दुरुस्ती नसेल तर धुऊन वाळल्यावर गाडीचं किंवा होडीचं मेणाचं पॉलिश वर्षातून एकदा लावावं. त्यामुळे शेवाळ आणि तेल कमी धरतं आणि उन्हाने जेलकोटची पिठूळ भुकटी होणं लांबतं. होडी वापरात नसेल तेव्हा उपडी करून सावलीत किंवा ताडपत्रीखाली ठेवावी, पण ताडपत्री तळाला चिकटून नको, खालून हवा खेळली पाहिजे.

होडी फारच थकली असेल तर दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी सोलापूरच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात 40 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींना 60 टक्के मदतीचं सूत्र आहे. कोणत्या घटकात होडी बसते आणि अर्ज सध्या सुरू आहेत का, ते कार्यालयातच विचारून घ्यावं. मच्छीमार संस्थेचे सभासद असाल तर संस्थेमार्फत विचारणं सोपं जातं.

धुतलेली किंवा ठिगळ मारलेली होडी पहिल्यांदा पाण्यात घालताना माणसं भरू नका. काठाशी, गुडघाभर पाण्यात तास-दोन तास दोरीने बांधून ठेवा. आत कोरडं जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवलं तर कुठून पाणी पाझरतंय ते लगेच दिसतं. मग एक माणूस, मग जाळं, आणि त्यानंतर इंजिन.